मातीचा हैबती

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण तेव्हा वर्षं मोजायची कुणाला घाई नव्हती. माणसं मात्र अगदी आजच्यासारखीच होती, म्हणून तर सांगायला बसलोय. लहान असाल तर पुढं सरका, मोठे असाल तर हातातलं काम खाली ठेवा. अर्धं लक्ष देऊन ऐकणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो, आणि तो का येतो ते गोष्ट संपेपर्यंत कळेल.

एका तळ्याच्या काठी कुंभारांचं गाव होतं. चाळीस घरं आणि चाळीस चाकं. तिथल्या माठातलं पाणी इतकं गार, की वाटसरू वाट वाकडी करून पाणी प्यायला गावात यायचे. तळ्याच्या पाळीवर एक लहानसं देऊळ होतं. देवही मातीचाच. कुणा खापरपणजोबानं घडवलेला. एक डोळा जरा मोठा, एक कान जरा खाली. पण गावाचा जीव त्या देवावर होता.

गावाची एक रीत होती. दिवस कलला की देवळातली घंटा वाजायची. घंटा वाजली की मडकं चाकावर आणि थापी जमिनीवर सोडून उठायचं, तळ्यात हात धुवायचे आणि ओल्या हातांनीच देवळात येऊन आपापल्या जागी बसायचं. समईत बोटभर लांबीची एक वात असायची. ती विझेपर्यंत बसायचं. मागायचं काही नाही, बोलायचं काही नाही. आपण देवाकडं बघायचं आणि देवाला आपल्याकडं बघू द्यायचं. ह्याला म्हणायचे वातीची बैठक.

देवळाची झाडलोट करायची पारूआजी, गुरवाची म्हातारी. वात लावायच्या आधी ती अंगाऱ्याची वाटी घेऊन एकेकासमोर जायची, कपाळाला बोट लावायची आणि विचारायची, "हायस का रं?" समोरच्यानं म्हणायचं, "हाय, आजी." मगच ती पुढं सरकायची. एखादी जागा रिकामी दिसली, की आधी दोघं जण त्याच्या दारात, मग वात. अशानं एकदा तापात बरळत पडलेला एकटा म्हातारा वेळेवर सापडला होता. एकदा रुसून माहेरची वाट धरलेली सून वेशीवरून परत आली होती. देवाशी बसता बसता माणसांचीही चौकशी व्हायची, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

ह्याच गावात हैबती कुंभार राहायचा. हात सोन्याचे आणि नाकाच्या शेंड्यावर राग. त्याचा रांजण बघून दुसरे कुंभार कौतुकानं मान हलवायचे. पण कामात कुणी व्यत्यय आणला की हैबतीचं डोकं फिरलंच म्हणून समजा. पाहुणा आला, राग. बायकोनं, ठकूबाईनं जेवायला हाक मारली, राग. शिंक आली तरी शिंकेवर राग काढणारा माणूस तो.

एका संध्याकाळी तो पुरुषभर उंचीचा रांजण घडवत होता. कड वळायची तेवढी राहिली होती, आणि घंटा वाजली. हैबती दात खात उठला. रांजणावर ओलं फडकं टाकलं आणि देवळात जाऊन बसला. बसला कसला, वातीकडं डोळे वटारून बघत राहिला. परत आला तर वाऱ्यानं फडकं उडालेलं, आणि रांजणाला कडेपासून बुडापर्यंत भेग.

"ही बैठक!" हैबती ओरडला. "रोज माझा हात धरून मला कामावरनं उठवती! देवाला काय कामधंदा न्हाई, पण मला हाय की!"

ठकूबाई म्हणाली, "अवं, फडक्यावर दगड ठेवायचा हुता."

हे खरं होतं, म्हणूनच त्याला जास्त राग आला.

मग हैबतीनं काय केलं ठाऊक आहे? जे फक्त कुंभारालाच सुचेल ते केलं. आठ दिवस खपून त्यानं मातीचा हैबती घडवला. मांडी घातलेला, हात जोडलेला, डोळे अर्धे मिटलेला. मुंडाशाचा पीळ तोच, डाव्या गालावरचा तीळसुद्धा सोडला नाही. भट्टीत भाजून, गेरूनं रंगवून त्यानं तो देवळात नेला आणि आपल्या जागेवर बसवला.

पारूआजी केरसुणी घेऊन आली. "हे काय रं?"

"मी."

"तू तर हितं हुभा."

"मी कामाला हुभा, आजी. बसायला हा. ह्याला भूक न्हाई, तहान न्हाई. वात विझली तरी उठायचा न्हाई. माझ्यापरीस चांगला भक्त हाय."

"आरं, पण देवाला चालंल व्हय?"

हैबती हसला. "आजी, आपल्याला देव मातीचा चालतो न्हवं? मग देवाला भक्त मातीचा का चालू नये?"

काहीतरी चुकतंय हे पारूआजीला कळत होतं, पण शब्द सापडेना. त्या रागात तिनं एकच पायरी तीनदा झाडली.

आता तुम्ही म्हणाल, गावानं हैबतीला फैलावर घेतलं असेल. कसलं काय! गावानं तोंडात बोटं घातली. "काय डोकं लावलंय!" म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्यानं आपला पुतळा आणला. मग त्याच्या भावानं. एकीनं आपल्या पुतळ्याच्या डोक्यावर छान पदर काढला. एका ढेरपोट्यानं पुतळ्यात आपलं पोट निम्मं केलं, म्हणे देवापुढं जरा बरं दिसावं. ठकूबाई बरेच दिवस स्वतः जात राहिली. पण एकटीनं पुतळ्यांच्या रांगेत बसायला तिला कसंतरीच व्हायचं, शिवाय घरी हैबतीची कामाची हाकाटी. शेवटी तिचाही पुतळा हैबतीच्या पुतळ्याशेजारी बसला. वर्षाच्या आत देऊळ खच्चून भरलं, आणि देवळात माणूस म्हणून एक पारूआजी तेवढी उरली.

वाटसरू डोकावायचे आणि म्हणायचे, "काय भाविक गाव आहे हो!" हे ऐकून गावाची मान ताठ व्हायची. मला सांगा, अशा लोकांचा राग येणार नाही तर काय येईल?

पारूआजीनं मात्र हट्ट सोडला नाही. रोज संध्याकाळी ती अंगाऱ्याची वाटी घेऊन निघायची. गार गार कपाळांना बोट लावायची आणि विचारायची, "हायस का रं?" कुणी बोलायचं नाही. ती पुढच्यासमोर जायची. "हायस का गं?" मग एकटीच वात लावून बसायची. कधी कधी देवाकडं बघून म्हणायची, "बघितलीस तुझी लेकरं? मेल्यांनी मला भांडी पुसायला ठेवलंय."

अशी पाच वर्षं गेली. घंटा वाजायची, पण चाकं थांबायची नाहीत. पूर्वी संध्याकाळी तळ्यावर हात धुताना चार गोष्टी व्हायच्या, त्याही बंद झाल्या. शेजाऱ्याच्या घरी काय चाललंय ते शेजाऱ्याला ठाऊक नसे. आणि गंमत बघा, इतका वेळ वाचवूनही वेळ कुणालाच नव्हता. वाचलेला वेळ गेला कुठं, हे विचारायलाही कुणी थांबलं नाही.

मग राजाकडून सांगावा आला. राजकन्येचं लग्न आहे, पौर्णिमेच्या आत रांजण पाहिजेत. गाव कामाला जुंपलं. हैबतीनं तर भट्टीशेजारीच घोंगडं टाकलं. "मी घरी आलो न्हाई तर वाट बघू नगंस," त्यानं ठकूबाईला बजावलं. "आन् मला हाका मारायच्या न्हाईत." ठकूबाई भाकरी बांधून भट्टीजवळच्या खुंटीला अडकवायची. कधी तो खायचा, कधी गठुडं तसंच राहायचं. तिनं विचारणं सोडून दिलं होतं.

एका सकाळी माती संपली. टेकडीपलीकडं मातीची खाण होती. खाणीत एकट्यानं उतरायचं नाही आणि माती वरून खाली खणत यायची, ही जुनी शिस्त. पण सोबत यायला कुणाला सवड होती? आणि वरून खणायला वेळ लागतो! हैबती एकटाच गेला, कुदळ घेऊन खाली उतरला आणि दरडीच्या बुडातूनच माती ओढायला लागला. पाचवा घाव घातला आणि वरची दरड त्याच्या अंगावर आली.

डोळे उघडले तेव्हा तो कमरेपर्यंत मातीत गाडला गेला होता. उजव्या पायातून कळ येत होती. त्यानं दोन्ही हातांनी माती उपसायला सुरुवात केली, तर वरून आणखी तेवढीच घसरली. ओरडला. घसा बसेपर्यंत ओरडला. खाणीवर एक टिटवी तेवढी फिरत होती.

आधी त्याला राग आला तो दरडीचा. मग स्वतःच्या पायाचा. दुपार झाली तसा गावाचा. "चाळीस घरं हायत! एकालाबी वाटत न्हाई हैबती कुठं गेला ते? ह्याच्या भट्टीला मी लाकडं दिली, त्याच्या पोराच्या लग्नाला मी माठ दिलं. कुठं मेली सगळी?" मुंडाशाचं टोक ओल्या मातीत दाबून तो तेवढंच चोखायचा आणि पुन्हा शिव्या घालायचा.

दिवस कलला. टेकडीपलीकडून घंटेचा बारीक आवाज आला, आणि हैबतीचा चेहरा उजळला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या घंटेचा राग आला नाही. "आता झालंच," तो स्वतःशी म्हणाला. "आता आजी अंगारा घेऊन निघंल. माझी जागा रिकामी दिसंल. दोघं जण घरी जातील, मग खाणीकडं..."

आणि तो थांबला.

त्याची जागा रिकामी नव्हती. तिथं हैबती बसला होता. हात जोडून, डोळे अर्धे मिटून, गालावर तीळ घेऊन. त्याला शोधायला कोण येणार? तो तर देवळात होता!

असा संताप त्याला जन्मात आला नव्हता. त्या पुतळ्याची मान मुरगाळावी असं वाटलं. मग तो देवावर उखडला. "आन् तू? तुला तरी कळू नये? पाच वरसं मी तुझ्यापुढं..." पुढचं वाक्य त्याला पुरं करता येईना. पाच वर्षं देवापुढं कोण बसलं होतं? दिवस काय, महिना काय, बोटभर वातीएवढा वेळसुद्धा त्यानं दिला नव्हता.

"बरं," तो रागानंच म्हणाला. "घे. बसलो. हलायचीबी सोय न्हाई. झालं समाधान?"

आणि तो बसला. दुसरं करणार काय? वात विझायला किती वेळ लागतो ते त्याच्या अंगात भिनलेलं होतं. थोडा वेळ मनात शिव्याच चालल्या. मग त्या दमल्या. मग त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. आणि त्याच्या मागोमाग, पाठीमागच्या दरडीतून माती घसरल्याचा आवाज. सरसर, सरसर. तो हलला की आवाज वाढायचा, स्वस्थ राहिला की थांबायचा. दिवसभर त्याच्या आरडाओरड्यात आणि धडपडीत हा आवाज बुडून गेला होता. असाच झगडत राहिला असता तर रात्रीच्या आत गळ्यापर्यंत गेला असता. हैबतीच्या डोळ्यांना धारा लागल्या. "हितं हायस व्हय तू?" तो पुटपुटला, आणि मग हललाच नाही.

रात्र गेली. दुसरा दिवसही उलटत आला.

इकडं देवळात त्या दुसऱ्या दिवशी पारूआजी पुतळे पुसत होती. हैबतीच्या पुतळ्याचा कान पुसायला गेली आणि थबकली. कुंभारमाशीनं त्या कानात मातीचं घर बांधलं होतं. कान अगदी गच्च बुजलेला.

बस्स! म्हातारीचा पाच वर्षांचा राग एकदम वर आला. केरसुणी तशीच हातात घेऊन ती तरातरा हैबतीच्या घरी गेली.

"कुठाय तुझा नवरा? म्हणावं, चल, तुझ्या भक्ताचा कान माशीनं बुजवला! देवानं हाक मारली तर ऐकणार कुठनं?"

"भट्टीवर हायत, आजी," ठकूबाई म्हणाली.

दोघी भट्टीवर गेल्या. भट्टी गार. खुंटीला दोन दिवसांची दोन गठुडी, दोन्हींच्या गाठी न सुटलेल्या. आजीनं शेजाऱ्याला गाठलं. "हैबतीला बघितलंस?"

शेजारी चाकावरून मान वर न करता म्हणाला, "हैबतीदादा? काल सांजच्याला देवळात बसलं हुतं की. पाळीवरनं येताना म्याच बघितलं."

आजीनं केरसुणी उगारली आणि थेट त्याच्या चाकावर हाणली. ओलं मडकं बसलं. "बघितलंस? डोळं फुटलं का तुझं? त्यो मातीचा हाय, मुडद्या! तुझ्याशेजारी घर हाय त्याचं, आन् दोन दिस माणूस दिसत न्हाई तर तू देवळातलं मडकं दाखवतोस मला? उठा सगळी! एक चाक फिरताना दिसलं तर बघा!"

तिची घंटा त्या दिवशी वाजलीच नाही, पण गावातलं एकूणएक चाक थांबलं. कुणी तळ्याकडं पळालं, कुणी रानात. ठकूबाई आणि आजी चार जणांना घेऊन खाणीवर पोचल्या तेव्हा उजेड जायला आला होता. खाली सगळी पिवळी माती, माणूस वेगळा दिसेना. आजी काठावर बसली, ओणवी झाली आणि सवयीनं रोजचेच शब्द तिच्या तोंडून गेले.

"हैबती! हायस का रं?"

खालून बसलेल्या घशातून आवाज आला, "हाय, आजी."

पाच वर्षांत कुणी तिला उत्तर दिलं नव्हतं. म्हातारी तिथंच मातीत बसून रडायला लागली.

दोर आले, टोपल्या आल्या. वरून खाली माती उपसत हैबतीला काढला. पाय मोडला होता. ठकूबाईनं त्याला पाणी पाजलं, आणि तो म्हणाला, "घरी नगं. आधी देवळात."

फळीवर घालून त्याला देवळात आणला, तर टेकवायला जागाच नाही! सगळीकडं पुतळे, आणि हैबतीच्या जागेवर हैबती.

"दोन हैबतींना हितं जागा न्हाई," पारूआजी म्हणाली. "कुठला ठेवू, बोल."

हैबतीनं पुतळ्याकडं बघितलं. पण तो काही बोलायच्या आधीच ठकूबाई पुढं झाली. तिनं पुतळा उचलला आणि पायऱ्यांवरून खाली लोटून दिला. पाठोपाठ आपलाही. खापऱ्या तळ्यापर्यंत उडाल्या.

आजीनं हैबतीला त्याच्या जागेवर टेकवलं. "त्या दिशी तू इचारलं हुतंस, देव मातीचा चालतो तर भक्त का न्हाई. तवा मला बोलता आलं न्हाई. आता ऐक. मातीपुढं माणूस बसतो म्हणून ती माती देव हुती. मातीपुढं मातीच बसली, तर ते नुसतं भांड्यांचं कोठार."

मग तिनं वात लावली.

सगळेच त्या दिवशी शहाणे झाले असं सांगितलं तर मी खोटारडा ठरेन. अकरा पुतळे आणखी बरेच दिवस देवळात होते. "एवढं राजाचं काम उरकू दे," म्हणत होते ते लोक. आजीनं एक दिवस ते अकराही उचलून कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी नेऊन ठेवले, तेव्हा कुठं त्यांचे मालक आले. रांजण चार दिवस उशिरा गेले, आणि राजकन्येचं लग्न त्यावाचून काही अडलं नाही.

हैबतीचा पाय जुळला, पण आखूड राहिला. घंटा वाजली की त्याला इतरांच्या आधी उठावं लागे, तरच वातीच्या वेळेला पोचता येई. रांजण अर्धा राहिला तर तो फडकं टाकायचा, फडक्यावर दगड ठेवायचा आणि लंगडत निघायचा. वाटेत कुणाचं चाक फिरताना दिसलं की मात्र त्याच्या नाकाच्या शेंड्यावरचा तो जुना राग हटकून परत यायचा, आणि तो दारातूनच ओरडायचा, "उठतोस का येऊ आत?"

बोध एवढाच, आणि तो पुतळ्यासारखं बसून ऐकू नका: ज्याला देवापुढं घडीभर स्वतः बसायला सवड नाही, तो एक दिवस असा हरवतो, की आपण हरवलोय हे देवाशिवाय कुणाला ठाऊकही नसतं.